गोळ्या चालू होत्या

माझ्या बायकोच्या रोगाला आमच्या गावात नाव नव्हतं. सकाळी उठली की तिची बोटं वळत नसत. पाण्याचा लोटा ती दोन्ही तळहातांत धरून उचलायची, लहान मूल उचलतं तसा. ऊन अंगावर आलं की बोटं हळूहळू सुटत, पण तेच ऊन मग तिच्या तोंडावर उठायचं. नाकाच्या दोन्ही अंगांनी गालांवर लाल पट्टे येत. विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "गुरुजीची बायको लाली लावते जी." ती हसायची. चोवीस वर्षांची होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट पडलं होतं.

मी जनपद सभेच्या शाळेवर एकटा मास्तर होतो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या बाजूनं निघून रस्ता सोडला की चार कोस आत आमचं गाव. चार वर्ग, एक खोली, एक कपाट. सन छप्पनमध्ये आमचं राज्य बदललं आणि नागपूरच्या जागी मुंबई राजधानी झाली, हे मी आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रात वाचलं. शाळेचं छप्पर पूर्वी गळत होतं तसंच नव्या राज्यातही गळत राहिलं. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी आई. आईचा स्वभाव कडक होता. सुनेची बोटं वळत नाहीत हे तिनं पाहिलं होतं, तरी दोन वर्षं ती म्हणायची, "सकाळचे काम चुकवाले बोटं दुखतेत तिचे." पुढे पुढे म्हणायची बंद झाली आणि सकाळचा सडा स्वतः टाकू लागली.

वैद्य, भगत, मालिश, बिब्बा, गावात होतं ते सगळं झाल्यावर मी तिला चांद्याला नेलं. आज चंद्रपूर म्हणतात, तेव्हा चांदाच होता. बैलगाडीनं गडचिरोली, डोंग्यातून वैनगंगा, पुढे मोटार, मग मूल गावाहून छोटी रेल्वेगाडी. असा दोन दिवसांचा प्रवास तिनं गुडघे हातांनी धरून केला. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले होते. आमच्या गावच्या भगतापेक्षा वयानं अर्धे असतील. त्यांनी तिची बोटं एकेक करून दाबून पाहिली, गाल पाहिले आणि पोटं पडल्याचं विचारलं.

मग म्हणाले, "गुरुजी, आपण घराच्या राखणीला कुत्रा पाळतो. चोर आला की तो भुंकतो, चावतो. आता तोच कुत्रा घरच्या माणसाला चावू लागला तर? हिच्या अंगात तसं झालंय, असं समजा. सांधे, कातडी, जे दिसेल त्याला चावतो."

"मग कुत्रा मारून टाकायचा का?" मी विचारलं.

"मारला तर चोर मोकळे. त्याला जरा झोपवून ठेवायचं, एवढंच करता येतं."

त्यासाठी त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. लहान होत्या, तांदळाच्या कणीपेक्षा थोड्या मोठ्या. त्या नागपूरहून यायच्या आणि डॉक्टर मला टपालानं पाठवायचे. देताना त्यांनी मला समोर बसवलं आणि बोट वर करून सांगितलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगाला या गोळीची सवय लागते. ती अचानक तोडली तर अंग उभं राहत नाही. आणि सर्दी, खोकला, ताप, असं काही झालं तर या रोगाला तेवढंच निमित्त पुरतं. दुसऱ्याला तीन दिवसांचा ताप, तो हिला फार जड जाईल. तेव्हा तापात गोळी थांबवायची नाही. उलट दुप्पट करायची आणि मला कळवायचं. एक दिवससुद्धा चुकवू नका. समजलं?"

मी मान डोलावली. मास्तर लोकांना मान डोलावणं चांगलं जमतं. दिवसभर पोरांच्या डोलणाऱ्या माना पाहून आम्हीही शिकतो.

पंधरा दिवसांत तिची बोटं सुटली. एका सकाळी मी तोंड धुऊन आलो तर अंगणात ती माझा सदरा पिळत होती. पाणी निथळून गेलं तरी पिळतच होती. मी म्हटलं, "फाटन तो." ती म्हणाली, "फाटू दे ना जी. माह्या हातानं तर फाटन." गालांवरचे पट्टेही गेले. आठ महिने असे गेले. ते आमच्या संसारातले बरे दिवस होते, हे तेव्हाच कळत होतं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. वर्तमानपत्रात त्याला फ्लू म्हटलं होतं आणि तो समुद्रापलीकडून आला असं लिहिलं होतं. आमच्याकडे तो गडचिरोलीच्या बाजारातून आला. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रोवणीत शाळा तशीही ओस पडते, पोरं बांधीत, म्हणजे भातखाचरात, असतात. पण त्या वर्षी बांध्याही ओस पडू लागल्या. सकाळी चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया दुपारी एकेक करून बांधावर बसत आणि घरी जात. अंग तापायचं, खोकला लागायचा आणि हाडं फुटल्यासारखी दुखायची. ज्यांनी उभ्या जन्मात डोकं दुखलं म्हटलं नव्हतं असे गडी खाटेवर पडून कण्हत होते.

माझी बायको त्या दिवसांत घरोघर जायची. औषध तिच्याकडे काही नव्हतं. ती त्यांना उठायचं कसं ते शिकवायची. "सरळ उठाचं नाई बाई. आधी कुशीवर वळाचं, कोपर टेकवाचं, मग पाय खाली सोडाचे. बोटं दुखत असन तं लोटा तळहातांनी धराचा." हे सगळं तिला पाठ होतं. विहिरीवर लालीची चेष्टा करणारी एक बाई तिला म्हणाली, "तू असंच सहा वर्षं दुखत होतीस का ओ?" ती म्हणाली, "असंच नाई. थोडं कमी." खरं तर कमी नव्हतं. तीन-तीन दिवस सगळं गाव तिच्यासारखं झालं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ज्याचा तो उठून पुन्हा चिखलात गेला.

मी तिला घरोघर जाऊ नको म्हणालो नाही. डॉक्टरांनी सर्दी-तापाचं सांगितलेलं मला आठवत होतं. पण तिला कोणी बोलावतंय, कोणाला ती हवी आहे, हे तिला पहिल्यांदाच मिळत होतं. आणि मलाही बरं वाटत होतं.

मग तिला ताप आला. मी गोळ्या दुप्पट केल्या. चांद्याला कळवायला मार्ग नव्हता, वैनगंगा दोन्ही थड्या सोडून वाहत होती आणि टपालवाला दहा दिवसांत फिरकला नव्हता. बाटलीत मात्र गोळ्या पुष्कळ होत्या. दोन दिवस तिनं त्या घेतल्या. ताप होता, खोकला होता, पण ती बोलत होती, पेज पीत होती. डॉक्टरांनी सांगितलं तसं चाललंय, असं मला वाटलं.

तिसऱ्या सकाळी तिच्या गालांवर पट्टे परतले. या वेळी ते गालांवर थांबले नाहीत. गळ्यावर, छातीवर, दंडांवर बारीक लाल पुरळ उठलं.

आईनं ते पाहिलं आणि दारातच थबकली. आमच्या घरापासून दोन घरं सोडून एका पोराला गोवर निघाली होती. आईनं हात जोडले. "बाबू, माता आली," ती म्हणाली.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. दर हिवाळ्यात गावात देवी टोचणारा यायचा, त्याच्या पुढे घरोघर मी फिरायचो. बाया पोरांना घेऊन जंगलात पळायच्या, त्यांना मी परत आणायचो. माता वगैरे काही नसतं, तो रोग असतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहून पोरांकडून म्हणवून घ्यायचो. शिवाय तिचे ते गाल मी पाच वर्षं पाहत होतो. ते कशाचे आहेत हे मला पक्कं माहीत होतं. आईला वाटलं तसं मला क्षणभरही वाटलं नाही.

तरी मी काही बोललो नाही.

पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतून एक म्हातारी आली. गावात कोणाच्याही घरी माता आली की तीच येऊन काय करायचं, काय करायचं नाही ते सांगायची. तिनं दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचला, बायकोच्या उशाशी पाण्याचा लोटा ठेवला आणि आईला समजावलं. घरात फोडणी द्यायची नाही. गरम खायला घालायचं नाही, ताक-भात, आंबील, थंड काय ते. धुणं नाही, पाहुणा नाही. आणि औषध तर नाहीच, औषधानं माय रागावते. जाता जाता ती म्हणाली, "माय आता इच्या अंगात आहे. थे जे मागन थे देजा. नाई म्हणू नोका."

ती गेल्यावर आई मला म्हणाली, "थे बाटली घराबाहेर काढ."

मी बाटली काढली. शाळेत नेली आणि कपाटात खडूच्या पेटीमागं ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. पाऊस पडत होता. मी बराच वेळ शाळेच्या पडवीत उभा राहिलो. त्या वेळी मनात काय होतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. फारसं काही नव्हतं. आईशी भांडायचं जिवावर आलं होतं. आणि गोळी दिली आणि काही वेडंवाकडं झालं तर गाव म्हणेल, मास्तरानं मायेला डिवचलं, हे भय होतं. माता नसते असं मला ठाऊक होतं. लोक असतात, हेही ठाऊक होतं. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं. सगळं गाव उठलं, तशी हीसुद्धा उठेल.

दुपारी तिनं विचारलं, "माही गोळी?"

आई तिच्या पायांशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "संपल्या. पुरानं टपाल आलं नाई."

एका वाक्यात दोघींचं भागलं. आईला वाटलं मी तिचं ऐकलं आणि सुनेला दुखवायचं नाही म्हणून असं बोललो. बायकोला वाटलं खरंच संपल्या.

"पुराले का इलाज?" ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मग घरात अशा काही गोष्टी झाल्या ज्या एरवी झाल्या नसत्या. रोज सकाळी आई अंघोळ करून सुनेच्या पाया पडायची. डोकं टेकवायची, अगदी मनापासून. पहिल्या दिवशी आई बाहेर गेल्यावर बायको मला हळूच म्हणाली, "अवो, आत्या माह्या पाया पडल्या. मले लाज वाटून राह्यली." मग खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "त्याईले सांगा, बरी झाल्यावर असंच चालू ठेवाचं म्हणून." मी हसलो. तीही हसली. तिचं हसणं त्यानंतर मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोटात काही ठरेना. आंबील घेतली की उलटी. उठवून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती मागे कोसळायची. सांधे पुन्हा सुजले, आधी कधी सुजले नव्हते तेवढे. हातपाय गार आणि पाठ तापलेली. श्वास घेताना छातीत बारीक आवाज यायचा. डॉक्टरांचं वाक्य मला आठवत होतं. अंग उभं राहत नाही, असं ते म्हणाले होते. मी ते वाक्य आठवायचो आणि शाळेत जायचो. तिथे सात-आठ पोरं जमलेली असायची. मी त्यांना पाढे म्हणायला लावायचो. कपाट माझ्या खुर्चीमागंच होतं. खडू संपला तर उघडावं लागेल म्हणून मी फळ्यावर फार लिहीत नसे.

गोळी बंद केल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी तिनं आईला हाक मारली. मी दारात होतो. तिचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"माय मागून राह्यली," ती म्हणाली. "पांढरी गोळी मागून राह्यली."

म्हातारीनं सांगितलेलं तिनं पडल्या पडल्या ऐकलं होतं. मायेचं मागणं कोणी नाकारत नाही. ती चार दिवस त्यावर विचार करत असली पाहिजे. माझ्याकडे गोळी आहे असं तिला वाटत होतं की नुसती आशा होती, ते मला कळलं नाही. आजही माहीत नाही.

आई ताठ बसली. तिच्या तोंडावर गोंधळ दिसला, पण फार वेळ नाही. ती कडक होती तशी नेमाचीही होती. मायेनं मागितलं, म्हणजे द्यायचं. "बाबू," ती मला म्हणाली, "मागतलं तिनं. देऊन टाक."

"संपल्या ना," मी म्हणालो.

"मंग मी जे बाटली काढाले लावली थे?"

"रिकामी होती."

"एखादी पडली असन. डबे पाह्य, शाळेत पाह्य. पाह्य ना बाप्पा!" आणि माझ्या आईनं माझ्यापुढे हात जोडले.

गावाच्या ज्या रीतीवर मी मनातून सगळा दोष ठेवला होता, त्या रीतीत तिच्यासाठी एक वाट होती. बायकोनं ती शोधली आणि आईनं मोकळी केली. मला फक्त शाळेपर्यंत जायचं होतं, हाकेच्या अंतरावर. पण बाटली आणली असती तर अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली आणावी लागली असती. मग दोघींना कळलं असतं की चार दिवस मी खोटं बोलत होतो, आणि बायको मागत असताना बोलत होतो. एवढंच कारण होतं. पुढे मी याहून मोठी कारणं शोधून पाहिली, मिळाली नाहीत.

"नाई," मी म्हणालो. "एकही नाई."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग तिनं मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शाळेत गेलो आणि कपाट उघडलं. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं: टेबलाच्या खणात दोन सापडल्या. चार गोळ्या हातात घेतल्या, मग दोन परत टाकल्या, कारण वाक्यात दोन होत्या. घरी येऊन वाटीत पाण्यात विरघळवल्या. आईनं कुठून आणल्या असं विचारलंच नाही. तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. मी चमच्यानं ते पाणी तिच्या तोंडात घातलं. ते गालावरून खाली आलं. आईनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "अजून घाल." मी घातलं, तेही बाहेर आलं. दुपारच्या आत ती गेली.

मातेनं नेलेल्याला जाळत नाहीत. रोवणी टाकून गाव आलं, बायांच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल होता, आणि नाल्याच्या पलीकडे उंचवट्यावर आम्ही तिला पुरलं. ज्यांना तिनं खाटेवरून उठायला शिकवलं होतं त्या सगळ्या आल्या होत्या. गावानं मला काही दोष दिला नाही. गुरुजीनं सगळं नेमानं केलं, मायेला न्यायचंच होतं, असं म्हणाले. दोन घरं पलीकडच्या पोराची गोवर तोवर उतरली होती आणि ते अंगणात खेळत होतं.

मला रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं. शाळा सुरू केली. पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. जेवायला बसलो की जेवायचो. आई जेवत नव्हती. ती एकच विचारायची, "बाबू, गोळी असती तं वाचली असती का?" मी म्हणायचो, डॉक्टरला विचारून येतो.

पोळा झाल्यावर नदी उतरली तेव्हा चांद्याला गेलो. बाटली पिशवीत घेतली होती. खरं सांगायचं आणि बाटली त्यांच्या टेबलावर ठेवायची, असं ठरवून निघालो होतो. डोंग्यात, मोटारीत, गाडीत, सगळीकडे मी ते मनाशी बोलून पाहत होतो. कुठून सुरुवात करायची तेही ठरलं होतं.

डॉक्टरांनी मला पाहिलं, एकटा पाहिलं, आणि समजले. "कधी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ताप, खोकला, पुरळ, उलट्या, हातपाय गार, हे सगळं मी क्रमानं सांगितलं. मास्तरला क्रमानं सांगता येतं. ते वहीत लिहून घेत होते.

मग त्यांनी लेखणी थांबवली. "गोळ्या चालू होत्या ना?"

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली, बाटली खुळखुळू नये म्हणून.

"चालू होत्या," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. दुप्पट केल्या होत्या."

त्यांनी ते लिहिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. तरुण माणूस होता. त्यालाही वाईट वाटलं होतं.

"मग तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलंत, गुरुजी," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका." त्यांनी वहीत लिहिलेलं पुन्हा वाचलं. "पुस्तकं म्हणतात, तापात गोळी तोडू नये. मीही तेच सांगत आलो. पण तुम्ही तोडली नाही, वाढवली, तरी असं झालं. म्हणजे मीच राखणदाराला फार झोपवून ठेवलं असणार, आणि या साथीनं घर लुटलं. माझ्याकडे असे आणखी तीन-चार रोगी आहेत. यापुढे ताप दिसला की त्यांना गोळी ताबडतोब बंद करायला सांगेन."

त्यांनी तेही वहीत लिहिलं. मी त्यांचा हात पाहत होतो. आता बोलायला हवं, हे मला स्पष्ट कळत होतं. मनाशी घोकलेलं वाक्य तोंडापर्यंत आलेलं होतं. मी उठलो आणि नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत पोचवलं.

आईला मी जाऊन काय सांगितलं ते उघडच आहे. गोळी असती तरी काही उपयोग नव्हता, डॉक्टर स्वतः म्हणाले, असं सांगितलं. त्या दिवशी आई महिन्याभरानं पोटभर जेवली.

पण ते नंतर. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पडवीतल्या बाकावर एक बाई नवऱ्याबरोबर बसली होती. पंचवीस-तिशीची असेल. चहाचा कप तिनं दोन्ही तळहातांत धरला होता. बोटं कपाला लागू न देता ती हळूहळू पीत होती, आणि गालांवर लाल पट्टे होते. मधून मधून खोकत होती. नवरा माझ्याकडे पाहून उठला. लांबून आले असावेत, दोघांचे पाय धुळीनं माखलेले होते.

"पहिल्यांदाच आलो जी आमी," तो म्हणाला. "डॉक्टर चांगले आहेत का?"

"हो," मी म्हणालो. "चांगले आहेत. सगळं लिहून घेतात."